तरणतारणची रांग

महाराष्ट्रातून पंजाबच्या यात्रेस निघालेल्या माणसाची पहिली ओढ अमृतसरची नसते, घुमानची असते. गुरुदासपूर जिल्ह्यात, बटाल्याहून श्रीहरगोविंदपूरकडे जाणाऱ्या वाटेवर हे गाव वसलेले आहे. संत नामदेवांनी आयुष्याच्या उत्तरार्धातील पुष्कळ वर्षे येथे घालविली असे परंपरा सांगते. त्यांची ६१ पदे शिखांच्या धर्मग्रंथात समाविष्ट आहेत, आणि घुमानमधील शेतकरी 'बाबा नामदेव' हे नाव इतक्या आपलेपणाने उच्चारतो, की मराठी पाहुण्याला क्षणभर आपणच परके आहोत असे वाटावे. नामदेवांनी देह कोठे ठेवला, पंढरपुरी महाद्वाराच्या पायरीपाशी की घुमानला, याविषयी दोन प्रांतांच्या दोन श्रद्धा आहेत. त्या वादात शिरण्याचे आपल्याला कारण नाही. २०१५ च्या एप्रिल महिन्यात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ८८ वे अधिवेशन याच गावी भरले, आणि ज्यांनी घुमानचे नावही ऐकले नव्हते अशा मराठी घरांतून ते जाऊन पोचले.

आमची यात्रा बावीस जणांची होती. कोणी इंदूरचे, कोणी बडोद्याचे, कोणी नागपूरचे, तर कोणी थेट हैदराबादेहून आलेले. प्रवासात चार दिवस एकत्र घालविले, की माणसे एकमेकांच्या संधिवाताची औषधेसुद्धा विचारू लागतात. परंतु एक जोडपे मात्र थोडे अलग राहात असे. गृहस्थ सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, बाई मितभाषी. त्यांना मी वहिनी म्हणत असे, आणि वयाने थोडी वडील म्हणून त्या मला ताई म्हणत. घुमानला दर्शन झाल्यावर मंडळी लंगरात जेवावयास बसली, तेव्हा वहिनी उठून बाहेर आल्या आणि पायरीवर बसून राहिल्या. त्यांचे नाव-गाव मी येथे लिहीत नाही. त्यांनी जे सांगितले ते लिहिण्यास मात्र त्या दोघांची अनुमती आहे.

मुलगा एकुलता एक, वय २१. अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी परगावी वसतिगृहात ठेवलेला. दुसऱ्या वर्षी गांजा ओढू लागला आणि तिसऱ्या वर्षी मजल गर्दपर्यंत गेली. घरी कळले ते लॅपटॉप आणि मोटारसायकल विकली गेल्यावर. मग एका शहरातील खासगी केंद्रात त्याला तीन महिने ठेवण्यात आले. तेथे उपचार म्हणजे दाराला कुलूप, पहाटे कवायत आणि ऐकले नाही तर मार. आईबापांना भेटीची मनाई होती. तीन महिन्यांनी मुलगा घरी परतला तो अंगाने सुधारलेला. वहिनींनी देवाला पेढे ठेवले. सतराव्या दिवशी तो न्हाणीघरात निपचित पडलेला आढळला. ओठ निळे पडलेले, श्वास मिनिटाला चार-पाच. शेजारीच इस्पितळ होते म्हणून वाचला. आता तो मामाच्या घरी माडीवरच्या खोलीत होता, बाहेरून कडी लावलेली होती, आणि नातेवाइकांना 'कावीळ झाली आहे, पथ्य चालू आहे' असे सांगण्यात येत होते. यात्रेहून परतल्यावर त्याला दुसऱ्या एका केंद्रात, या खेपेस वर्षभरासाठी, ठेवावयाचे असे गृहस्थांनी ठरविले होते. वहिनींचा जीव त्याला तयार होत नव्हता; पण दुसरा मार्गही त्यांना दिसत नव्हता. नामदेवांपाशी त्या कशासाठी आल्या होत्या हे निराळे सांगावयास नको.

घुमानहून मेहता चौकावरून अमृतसरकडे जाताना दोन्ही अंगांना गव्हाची शेते पसरलेली असतात. फाल्गुन सरत आला होता. ओंब्यांवर नुकती पिवळी झाक चढत होती. मधूनमधून पॉपलरच्या झाडांच्या सरळ रांगा, विटांच्या भट्ट्या, आणि परदेशी गेलेल्या मुलांनी बांधलेली दुमजली घरे. काही घरांच्या गच्चीवर पाण्याची टाकी विमानाच्या आकाराची. बियास आणि रावी या दोन नद्यांमधल्या या मुलखाला माझा म्हणतात. आमचा चालक याच भागातला, पन्नाशीचा सरदार. पुढच्या आसनावर बसून त्याच्याशी बोलण्याचा योग मला आला.

अफू या मुलखाला नवी नाही, असे त्याने सांगितले. त्याच्या आजोबांच्या काळी कापणीच्या दिवसांत मजुरांना चहाबरोबर भुक्की, म्हणजे अफूच्या बोंडांचा भुगा, दिली जाई. म्हाताऱ्या अमलदाराला, येथे त्याला 'अमली' म्हणतात, गाव हसे. पण त्याला कोणी घराबाहेर काढीत नसे. मग 'चिट्टा' आला. चिट्टा म्हणजे पांढरा. हेरॉइनचे हे पंजाबी नाव. सीमा येथून हाकेच्या अंतरावर आहे. १९९० च्या सुमारास तेथे काटेरी तारेचे कुंपण उभे राहिले, तरी माल येत राहिला. २०१९ पासून तर तो आकाशमार्गे ड्रोनने टाकला जाऊ लागला. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी २०१५ साली पंजाबची पाहणी केली, तेव्हा अफूजन्य पदार्थांच्या अधीन झालेल्यांची संख्या सुमारे २ लाख ३२ हजार निघाली; त्यांतील निम्म्याहून अधिक हेरॉइनच्या आहारी गेलेले. हेरॉइन घेणाऱ्याचा रोजचा खर्च सरासरी १,४०० रुपये. ज्या घरात महिन्याला वीस हजार येतात, त्या घराचे याने काय होत असेल याचा हिशेब कोणत्याही गृहिणीला तोंडी करता येईल. त्याच पाहणीतील आणखी एक आकडा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. व्यसनाधीनांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणांनी ते सोडण्याचा प्रयत्न केला होता. पण कसलीही मदत मिळाली होती ती सुमारे ३५ टक्क्यांना. म्हणजे ही मुले सुटू इच्छीत नाहीत, हा आपला समज तपासून पाहण्यासारखा आहे.

बोलता बोलता चालक म्हणाला, "माझा पुतण्या तीन वर्षांपासून गोळीवर आहे. आता ट्रॅक्टर चालवतो. तरणतारणच्या सिव्हिल हॉस्पिटलात मिळते." मागच्या आसनावरून वहिनींनी विचारले, "कसली गोळी?"

तरणतारण अमृतसरच्या दक्षिणेस सुमारे २५ किलोमीटरवर आहे. २००६ साली अमृतसरपासून वेगळा जिल्हा झाला, त्याचे हे मुख्य ठाणे. पाचवे गुरू अर्जनदेव यांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस येथील सरोवर खोदविले. शिखांच्या सरोवरांत ते अत्यंत विस्तीर्ण गणले जाते. दरबारसाहिबाची इमारत अमृतसरप्रमाणे पाण्याच्या मध्यभागी नाही, काठावर आहे. तिला सोन्याचा पत्रा महाराजा रणजितसिंहांनी चढविला, आणि सरोवराच्या कोपऱ्यातील उंच मनोरा त्यांचा नातू नौनिहालसिंह याने बांधविला. दर अमावास्येला येथे मोठी गर्दी लोटते. सकाळच्या वेळी, पाण्यावर अजून धुके तरंगत असताना, परिक्रमेच्या गार फरशीवरून अनवाणी चालण्यात जे सुख आहे ते सांगून कळावयाचे नाही.

'तरण तारण' म्हणजे पैलतीराला नेणारा तराफा. या नावामागे एक जुनी कथा आहे. प्राचीन काळापासून महारोगी या पाण्याच्या आशेने येथे येत, आणि गुरू अर्जनदेवांनी त्यांच्यासाठी सरोवरापाशी निवारा उभारला असे सांगतात. ज्याला गावाने वेशीबाहेर काढले, त्याला याच गावाने जवळ घेतले. पुढे महारोगावर औषध निघाले. आज तो काही महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. परंतु औषध निघण्यापूर्वी कित्येक शतके त्या रोग्यांचे जे हाल झाले, त्यांतील मोठा वाटा रोगाचा नव्हता, माणसांनी फिरविलेल्या पाठीचा होता. सरोवराच्या काठी उभे राहून हे आठवले, आणि तेथून आम्ही तिघे रुग्णालयाकडे वळलो. बाकीची मंडळी प्रसादाला थांबली होती.

अंगणात रांग होती. आपल्याकडे शिधापत्रिकेच्या दुकानासमोर असते तशीच, शांत आणि किंचित कंटाळलेली. त्यात विटांच्या भट्टीवरचे मजूर होते, जीन्स घातलेली महाविद्यालयीन मुले होती, पगडी नीट बांधलेले एक शाळामास्तर होते. आणि पुष्कळांच्या शेजारी कोणीतरी उभे होते. बाप, बायको, बहुतेक ठिकाणी आई. खिडकीपाशी बोटाचा ठसा घेतला जाई, नाव जुळले की परिचारिका गोळी देई, माणूस ती जिभेखाली ठेवी आणि बाकावर बसे. विरघळेपर्यंत पाच-सात मिनिटे तोंड उघडावयाचे नाही. मग तोंड दाखवावयाचे, आणि कामाला जावयाचे. पैसे पडत नाहीत. २०१७ च्या ऑक्टोबरात तरणतारण, मोगा आणि अमृतसर या तीन जिल्ह्यांपासून ही योजना सुरू झाली. पुढे पंजाबभर अशी शेकडो केंद्रे निघाली.

तेथील डॉक्टर तरुण होते आणि घाईतही होते, तथापि वहिनींच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी आम्हांला आत बसवून घेतले. गृहस्थांनी सारी हकीकत सांगितली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला तो सतराव्या दिवसाविषयी. "तीन महिन्यांपूर्वी तो जेवढे घेत होता, तेवढेच त्या दिवशी घेतले असणार. नाही का?"

त्यांनी जे समजावले ते असे. रोज हेरॉइन घेणाऱ्याचे शरीर त्याला सरावते; मात्रा वाढत जाते आणि एरवी जीव घेईल एवढे विष तो पचवितो. ते बंद केले, की आठ-दहा दिवस भयंकर जातात. जांभया, डोळ्यांना-नाकाला पाणी, अंगावर काटा, पोटात मुरडा, हागवण, झोप नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे सर्व शिगेला पोचते आणि मग ओसरते. घरच्यांना वाटते, सुटला. वास्तविक त्या वेळी फक्त शरीराचा सराव सुटलेला असतो. मेंदूतील ओढ महिनोन् महिने, कधी कधी वर्षानुवर्षे टिकून असते. अशा मुलाला नुसते कोंडून ठेवून सोडून दिले, म्हणजे ओढ तशीच आणि सहनशक्ती मात्र गेलेली, अशा अवस्थेत तो बाहेर येतो. जुन्या सवयीने जुनी मात्रा घेतली, की श्वास थांबतो. तुरुंगातून किंवा केंद्रातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत घातक, हे जगभर नोंदले गेलेले सत्य आहे. "तो बिघडला म्हणून मेला असता असे नव्हे," डॉक्टर म्हणाले. "तो औषधावाचून घरी आला म्हणून."

गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत.

ती गोळी बुप्रेनॉर्फीन नावाच्या औषधाची. तेही अफूच्याच कुळातले, मात्र स्वभावाने निराळे. मेंदूत हेरॉइन जेथे जाऊन बसते ती जागा हे औषध व्यापते, त्यामुळे तलफ आणि अंगदुखी शमते. पण त्याच्या परिणामाला वरची मर्यादा असल्यामुळे नशा चढत जात नाही, आणि श्वास बंद पडण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. कोणी ती विरघळवून सुईने टोचून घेऊ नये म्हणून तिच्यात नॅलोक्झोन हे दुसरे द्रव्य मिसळलेले असते. पहिली गोळी तलफेची लक्षणे सुरू झाल्यावरच द्यावयाची असते. त्याआधी दिली तर त्रास वाढतो, म्हणून कोणी ऐकीव माहितीवर घरी प्रयोग करू नये. आरंभी रोज यावे लागते. माणूस स्थिरावला, की काही दिवसांच्या गोळ्या घरी मिळतात.

"किती दिवस घ्यावी लागेल?" गृहस्थांनी विचारले. प्रत्येक बाप हाच प्रश्न विचारतो, असे डॉक्टर हसून म्हणाले. उत्तर होते: निदान एक वर्ष, बहुधा अधिक, आणि घाईने थांबवावयाची नाही. एक नशा सोडवून दुसरी लावणे असा आक्षेप या उपचारावर घेतला जातो. पंजाबातही घेतला गेला. गोळ्या बाहेर विकल्या गेल्याचे प्रकारही घडले आहेत, आणि त्यांवर देखरेख हवी हे उघड आहे. पण मधुमेही माणसाला आपण इन्सुलिनचा व्यसनी म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत २००५ सालीच घातले आहे. शिवाय जो मुलगा रोज सकाळी रांगेत उभा राहून नऊ वाजता कामावर जातो, आणि जो रोज रात्री चौदाशे रुपयांसाठी घरातील भांडी विकतो, या दोघांत ज्याला फरक दिसत नाही त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, असे माझे मत आहे.

कुलपाविषयी बोलणे निघाले. या मुलखातही पोटच्या मुलाला साखळीने खाटेशी बांधून ठेवणाऱ्या आया आहेत. वृत्तपत्रांतून त्यांची छायाचित्रे आली, आणि वाचणाऱ्यांनी हळहळ व्यक्त केली. त्यांना क्रूर म्हणणे सोपे आहे. बाहेर गेला तर मरेल या भीतीपायी त्या बांधतात. परंतु २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मनोविकारांचा अंतर्भाव आहे, आणि त्या कायद्याने रुग्णाला साखळीने बांधणे संपूर्ण निषिद्ध ठरविले आहे. मारहाण करणाऱ्या केंद्राविरुद्ध तक्रार करता येते. पोलिसांच्या भयाने पुष्कळ कुटुंबे इस्पितळाची पायरी चढत नाहीत. त्यांनी हे ध्यानात ठेवावे, की १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या ६४-अ कलमान्वये, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणातील गुन्ह्याचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण करील, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. विक्री करणाऱ्याला ही सवलत नाही.

मग मुलगा उपचाराला तयारच नसेल तर काय करावे? वहिनींचा हा प्रश्न मला सर्वांत खरा वाटला. आपल्याकडे याची दोनच उत्तरे ठाऊक असतात: पाया पडणे किंवा घराबाहेर काढणे. अमेरिकेत न्यू मेक्सिको विद्यापीठातील रॉबर्ट मेयर्स यांनी तिसरी वाट शोधली. तीत मुलाऐवजी प्रथम आईबापांना शिकवितात. नशेत असताना वाद घालावयाचा नाही. ज्या दिवशी तो शुद्धीत घरी येईल, त्या दिवशी ते लक्षात आल्याचे त्याला कळू द्यावयाचे. त्याच्या आवडीची भाजी, दोन गोड शब्द, एकत्र फिरणे. नशेत असला, की शिक्षा नाही आणि लाडही नाहीत. त्याने केलेले कर्ज आपण फेडावयाचे नाही, महाविद्यालयात खोटी सबब सांगावयाची नाही, नशेच्या परिणामांवर पांघरूण घालावयाचे नाही. आणि तो स्वतःच विटलेला, थकलेला असेल तो क्षण हेरून, आधीच ठरवून ठेवलेल्या डॉक्टरांकडे चलण्याविषयी थोडक्यात विचारावयाचे. नाही म्हणाला तर पुन्हा दुसऱ्या वेळी. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उपचाराला ठाम नकार देणाऱ्या मद्यपींपैकी ६४ टक्के या मार्गाने उपचाराला आले. सर्व कुटुंबीयांनी मिळून त्याला एकदम जाब विचारण्याच्या पद्धतीने आले ते ३० टक्के. तो अभ्यास दारूविषयी होता. तथापि आईबापांच्या वागणुकीचा हा धडा गर्दलाही लागू आहे.

या साऱ्यात आईबापांचे स्वतःचे काय होते, हे कोणी विचारीत नाही. वहिनींनी दीड वर्षात माहेरी पत्र नाही की फोन नाही. 'कावीळ' म्हणून सांगितलेले खोटे पुढे निभावून न्यावयाचे, म्हणून भेटीगाठीच बंद. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथे आरंभापासून रुग्णाइतकाच त्याच्या घरच्यांचाही विचार झाला, तो याच कारणासाठी. ज्या घरात आजार बोलून दाखविता येतो, त्या घरात वेळेवर मदत मागता येते. चार विश्वासू माणसांना खरे सांगितल्याने अब्रू जाते, हा समज किती घरांना महागात पडला आहे!

आणि हा प्रश्न पंजाबचाच आहे असे कोणी मानू नये. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे देशात सुमारे ७७ लाख लोकांना अफूजन्य पदार्थांमुळे मदतीची गरज होती. हुंगण्याच्या द्रव्यांचे सेवन तर प्रौढांपेक्षा १० ते १७ वयाच्या मुलांत अधिक आढळले: प्रौढांत ०.५८ टक्के, मुलांत १.१७ टक्के. चिकटविण्याचा पदार्थ, रंग पातळ करण्याचे द्रव, या वस्तू कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. मुलाच्या रुमालाला, बाहीला असा वास वारंवार येत असेल तर रागावण्याआधी त्याच्याजवळ बसावे.

निघण्यापूर्वी डॉक्टरांनी गृहस्थांना कागदावर काही लिहून दिले. मुलाला केंद्रात पाठविण्याऐवजी आधी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्यावे. काही सरकारी रुग्णालयांत हीच गोळी मिळते. जवळचे ठिकाण १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती क्रमांकावर विचारता येते; मनाच्या आधारासाठी १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक आहे. पुन्हा कधी तो निपचित आढळला, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वास मंद, ओठ निळे दिसले, तर थोबाडीत मारीत किंवा पाणी ओतीत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, काय घेतले आहे ते न लपविता सांगावे, श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवून ठेवावे आणि एकटे सोडू नये.

बाहेर आलो तेव्हा रांग बरीच ओसरली होती. बाकावर साठीच्या एक बाई बसल्या होत्या; शेजारी त्यांचा मुलगा तोंड मिटून गोळी विरघळण्याची वाट पाहात होता. वहिनी त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. एकीची हिंदी वऱ्हाडी वळणाची, दुसरीची पंजाबी. अडचण कसली ती आली नाही. बाईंनी कापडी पिशवीतून एक वही काढून दाखविली. प्रत्येक पानावर महिन्याचे चौकोन आखलेले, आणि मुलगा ज्या दिवशी रांगेत आला त्या दिवशी बरोबरची खूण. पहिल्या पानांवर मधूनमधून रिकामे चौकोन होते. एके ठिकाणी तर सलग अकरा.

"भैणजी, हे अकरा दिवस?" वहिनींनी विचारले.

"पळाला होता. पुन्हा घेत होता," बाई म्हणाल्या. "बाराव्या दिवशी आला. मी काही बोलले नाही. पोळी वाढली. सकाळी म्हटले, चल पुत्तर, रांग मोठी होईल."

"आणि पैसे? घरात पैसे कुठे ठेवता?"

"बहिणीकडे. त्याला ठाऊक आहे की माझ्याकडे नसतात. मागत नाही, भांडण होत नाही." मग त्यांनी वही मिटली, कारण मुलगा उठला होता.

त्या रात्री अमृतसरच्या धर्मशाळेत गृहस्थांनी मेहुण्यांना दूरध्वनी केला. खोलीची कडी काढावी, परंतु त्याला एकटे ठेवू नये. आपण परवा पोचतो. सोमवारी जिल्हा रुग्णालयाची बाह्यरुग्ण खिडकी किती वाजता उघडते ते उद्याच विचारून ठेवावे. पलीकडून पुष्कळ प्रश्न येत असावेत, कारण ते बराच वेळ नुसते 'हो, हो' म्हणत होते. शेवटी त्यांनी फोन वहिनींच्या हाती दिला. वहिनींनी भावाला म्हटले, "दादा, शेजारच्या काकूंनी विचारलं तर आता कावीळ सांगू नकोस," आणि मग त्याला देण्यास सांगितले.